गेलिक फुटबॉलची अखिल आयर्लंड स्पर्धा: वेळापत्रक, प्रवास आणि विजेतेपदाचे अंदाज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये नोकरी किंवा शिक्षणानिमित्त राहणाऱ्या आणि सहकाऱ्यांच्या तोंडून केरी, मेयो, आर्मा ही संघांची नावे ऐकून हात आणि पाय दोन्ही वापरून खेळल्या जाणाऱ्या या आयरिश खेळाकडे वळलेल्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व निकाल आणि विजेतेपदांचे आकडे २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंतचे आहेत.

ही स्पर्धा कोण भरवते आणि तिच्याभोवती एवढा वाद का असतो?

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील (काउंटी म्हणजे जिल्हा) थर्लस गावी स्थापन झाली आणि पुरुषांच्या फुटबॉलची अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ पासून सुरू झाली. आयर्लंड बेटावरच्या ३२ काउंट्यांपैकी किलकेनी वगळता सर्व काउंट्यांचे संघ, शिवाय लंडन आणि न्यूयॉर्क असे दोन परदेशस्थ संघ तीत उतरतात. खेळाडूंना वेतन मिळत नाही, त्यांची खरेदी-विक्री होत नाही, आणि बहुतेक जण ज्या मातीत वाढले तिथल्याच काउंटीचा सदरा घालतात. त्यामुळे संघाची ताकद पैशाने वाढवता येत नाही आणि चाहत्यालाही दुसरा संघ निवडण्याची सोय नसते. उरतो तो सोडतीचा, मैदानाचा आणि तारखांचा भाग, आणि भांडण तिथेच होते. वरवर ही चर्चा ‘यंदा कोण जिंकणार’ अशी दिसली, तरी कोणाला कोणाशी, कुठे आणि किती दिवसांच्या विश्रांतीनंतर खेळावे लागणार हाच तिचा गाभा असतो. संघाच्या गुणवत्तेइतकेच हे तीन प्रश्न निकाल ठरवतात, असे माझे मत आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे त्याच अंगाने लिहिली आहेत.

धावफलकावरील १-२६ किंवा ०-१९ असे आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा गोलांचा आणि दुसरा गुणांचा. गोल तीन गुणांचा असतो आणि गोलच्या आडव्या दांड्यावरून चेंडू गेला की एक गुण मिळतो (लांबच्या फटक्याला आता दोन, त्याविषयी पुढे). २०२५ च्या अंतिम सामन्यात केरीने डोनेगॉलला १-२६ विरुद्ध ०-१९ असे हरवले, म्हणजे २९ विरुद्ध १९.

२०२६ पासून स्पर्धेची रचना कशी आहे?

सुरुवात पूर्वीप्रमाणेच अल्स्टर, लेन्स्टर, मन्स्टर आणि कॉनक्ट या चार प्रांतांच्या स्पर्धांनी होते. त्यानंतर सोळा संघ सॅम मॅग्वायर करंडकासाठी, म्हणजे अखिल आयर्लंड विजेतेपदासाठी, पुढे जातात. चारही प्रांतांचे अंतिम फेरीतील आठ संघ, आदल्या वर्षीचा टॅल्चन करंडक विजेता आणि उरलेल्या जागांसाठी वर्षाच्या सुरुवातीला होणाऱ्या राष्ट्रीय लीगमधील क्रमवारीनुसार येणारे संघ, असे हे सोळा ठरतात. बाकीचे संघ टॅल्चन करंडकासाठी खेळतात. ही दुसऱ्या स्तराची स्पर्धा २०२२ मध्ये सुरू झाली.

सोळा संघांच्या पहिल्या फेरीत प्रांतिक अंतिम फेरी गाठलेल्यांना घरचे मैदान मिळते. जिंकणारे आठ आपापसांत खेळतात आणि हरणारे आठ आपापसांत. विजेत्यांच्या बाजूने दुसऱ्यांदा जिंकणारे चार संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जातात. पराभूतांच्या बाजूने दुसऱ्यांदा हरणारे चार घरी जातात. राहिलेल्या आठांमध्ये तिसरी फेरी होऊन आणखी चार संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचतात. थोडक्यात, या टप्प्यावर प्रत्येक संघाला एक पराभव माफ आहे, दुसरा नाही.

मग गटसाखळी का बंद केली?

२०२३ ते २०२५ या तीन मोसमांत सोळा संघांचे चार-चारचे गट होते आणि प्रत्येक गटातून तीन संघ पुढे जात. चौघांपैकी एकालाच बाहेर काढण्यासाठी सहा सामने खेळवायचे, याला चाहत्यांचा मुख्य आक्षेप होता. मे महिन्यातल्या कित्येक सामन्यांना धार नसे आणि प्रेक्षकही बेताचेच येत. दुसरी बाजूही मात्र नोंदवायला हवी. कमकुवत संघाला तीन हमखास सामने मिळत, आणि शेवटच्या गटफेरीत, विशेषतः २०२५ मध्ये, चांगलीच रंगत आली होती. चाहत्यांपैकी अनेकांना गटसाखळी तिच्या अखेरच्या वर्षीच आवडू लागली, तोवर ती बंद करण्याचा निर्णय होऊन गेला होता.

प्रांतिक स्पर्धा अन्याय्य आहेत, असे का म्हटले जाते?

कारण प्रांत समान नाहीत. अल्स्टरमध्ये नऊ काउंट्या आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक संघ कोणत्याही दिवशी एकमेकांना हरवू शकतात. मन्स्टरमध्ये सहा काउंट्या असल्या तरी फुटबॉलमध्ये केरी आणि कॉर्क यांचेच वर्चस्व राहिले आहे. लेन्स्टरमध्ये डब्लिनने २०११ ते २०२४ अशी सलग चौदा विजेतेपदे मिळवली. ही मालिका २०२५ च्या उपांत्य फेरीत पोर्टलीश येथे मीथने तोडली आणि प्रांताचे विजेतेपद १९५७ नंतर प्रथमच लाउथकडे गेले.

प्रांतिक स्पर्धा मोडीत काढा, असे दर हिवाळ्यात कोणीतरी म्हणतेच. पण अल्स्टरच्या अंतिम सामन्याच्या दिवशी क्लोनिस गावातला चढ चढून मैदानाकडे जाणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, तो ही मागणी फार रेटत नाही. लाउथच्या विजयानंतर तर हा सूर बराच खाली आला.

सामना कुठे होतो याला एवढे महत्त्व का?

या प्रश्नावर चाहते सर्वाधिक तापतात आणि त्याला कारणेही आहेत. सर्वांत प्रसिद्ध प्रसंग २०१८ मधला. किलडेअरला मेयोविरुद्ध घरच्या मैदानाचा हक्क मिळाला होता, परंतु न्यूब्रिजचे सेंट कॉनलेथ्स पार्क लहान आहे, असे सांगून आयोजकांनी सामना डब्लिनच्या क्रोक पार्कला हलवला. किलडेअरने तिथे खेळण्यास साफ नकार दिला. ‘न्यूब्रिज नाहीतर कुठेच नाही’ ही घोषणा देशभर पसरली, आयोजकांना माघार घ्यावी लागली, ३० जून रोजी सामना न्यूब्रिजलाच झाला आणि किलडेअरने तो जिंकलाही. तेव्हापासून छोट्या काउंटीचा कोणताही चाहता मैदानाच्या वादात हे उदाहरण पुढे करतो.

दुसरी तक्रार डब्लिनविषयीची. क्रोक पार्क हे ८२,३०० क्षमतेचे राष्ट्रीय मैदान, पण ते डब्लिन शहरातच असल्याने डब्लिनचा संघ वर्षानुवर्षे तिथेच खेळत आला. लेन्स्टरचे सामने अलीकडे राजधानीबाहेर नेले जातात हे खरे. परंतु उपांत्य आणि अंतिम फेरीत हा लाभ कायमच राहतो. डब्लिनचे समर्थक यावर म्हणतात की मैदानाने गोल होत नाहीत. २०१५ ते २०२० या सलग सहा विजेतेपदांचे श्रेय गवताला देणे अन्यायाचे होईल, हे मान्य. तरीही प्रतिस्पर्धी चार तास गाडीत बसून आलेला असताना आपण घरी जेवून मैदानावर जाणे, याला काहीच किंमत नाही असे म्हणता येणार नाही.

त्रयस्थ मैदानही नेहमी त्रयस्थ नसते. २०२५ च्या शेवटच्या गटफेरीत मेयो आणि डोनेगॉल यांचा सामना रॉसकॉमनला ठेवण्यात आला, आणि जिंकूनही डोनेगॉलचे व्यवस्थापक जिम मॅकगिनेस यांनी त्या निवडीवर जाहीर नाराजी व्यक्त केली. नकाशा पाहिल्यास त्यांचा मुद्दा पटतो, कारण रॉसकॉमन मेयोच्या अगदी शेजारी आहे.

सामन्याची तारीख आणि ठिकाण किती आधी कळते? हॉटेल केव्हा आरक्षित करावे?

प्रांतिक फेऱ्यांच्या तारखा बऱ्याच आधी जाहीर होतात. अडचण त्यानंतरच्या बाद फेऱ्यांत येते. शनिवार-रविवारचे सामने संपल्यावर सोडत होते आणि वेळ व मैदान त्याच आठवड्यात ठरते, त्यामुळे पुढचा सामना कधीकधी जेमतेम पाच-सहा दिवसांवर असतो. म्हणून जूनमधील सामन्यांसाठी रद्द करता येईल असेच आरक्षण करावे. उपांत्य आणि अंतिम सामने क्रोक पार्कलाच होत असल्याने त्यांचे नियोजन आधी करता येते. अंतिम सामना पूर्वी सप्टेंबरमध्ये होत असे; गावोगावच्या क्लबांच्या स्पर्धांसाठी वर्षाचा उत्तरार्ध मोकळा ठेवायचे ठरल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, तो जुलैअखेर होतो. जुलै हा पर्यटनाचा आणि मोठ्या संगीत कार्यक्रमांचा काळ असल्यामुळे डब्लिनमधील खोल्यांचे दर ऐकून अनेक जण त्याच रात्री परत निघतात. सप्टेंबर परत आणा, असे म्हणणाऱ्यांचा एक मोठा गट आहे. त्यांचे भावनिक कारण मला समजते, पण क्लबच्या खेळाडूला आपला सामना कधी आहे हेच महिनोन्‌महिने कळत नसे, ती स्थिती परत यावी असे वाटत नाही.

क्रोक पार्कला कसे जावे?

मैदान शहराच्या उत्तर भागात आहे. ओकॉनेल स्ट्रीटवरून किंवा कॉनोली स्थानकातून चालत जाणे सर्वांत सोयीचे, आणि ड्रमकॉन्ड्रा स्थानकही जवळ आहे. केरीहून येणाऱ्यांसाठी किलार्नीहून रेल्वे आहे, साधारण साडेतीन तासांची. बहुतेक गाड्यांसाठी मॅलो येथे बदल करावा लागतो. सामन्याच्या दिवशी आसन आधी राखून न ठेवल्यास उभ्याने प्रवास घडतो. मेयोच्या कासलबारहून आणि गॉलवेहूनही थेट रेल्वे आहे. डोनेगॉल, मॉनहन आणि कॅव्हन या तीन काउंट्यांत मात्र आज प्रवासी रेल्वेच नाही, म्हणून तिथला चाहता मोटार किंवा बस यांवरच अवलंबून असतो. क्लोनिसच्या अंतिम सामन्याला जायचे तर गाडी गावाबाहेर लावून बरेच चालायची तयारी ठेवावी.

वाटेत गाडीची डिकी उघडून चहा आणि हॅम सँडविच खाणे हा इथला जुना रिवाज आहे. शाकाहारी मंडळींनी डबा सोबत नेलेला बरा, कारण छोट्या मैदानांवर चिप्सशिवाय फारसे काही मिळत नाही. जुलैमध्येही पावसाचा कोट घ्यावा. काउंटीच्या मैदानांवरील बराच भाग उघडाच असतो.

भारतीय पासपोर्टवर आर्मा, ओमा किंवा डेरी येथील सामन्याला जाता येते का?

मराठी वाचकांसाठी या पानावरचे हे सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे. खेळाच्या दृष्टीने बेट एक असले तरी आर्मा, टिरोन, डेरी, डाउन, अँट्रिम आणि फरमॅना या सहा काउंट्या उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये येतात. रस्त्यावर सीमा दिसत नाही, नित्याची तपासणीही होत नाही, परंतु कायद्याने तो दुसरा देश आहे. आयर्लंडचा निवास परवाना असलेल्या भारतीय नागरिकालाही तिथे जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो. ‘कोणी विचारत नाही’ हा आयरिश सहकाऱ्याचा सल्ला त्याच्या पासपोर्टसाठी ठीक आहे, आपल्यासाठी नाही. अवैध प्रवेशाची नोंद झाल्यास पुढच्या सर्व अर्जांवर तिचा परिणाम होऊ शकतो.

भारतातून पर्यटक म्हणून येणाऱ्यांसाठी दोन्ही देशांनी मिळून केलेली एक योजना आहे. व्हिसावर तसा विशेष शेरा असल्यास एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येते. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला, त्या देशात आधी प्रवेश करावा लागतो. अर्ज करण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर नियम तपासून घ्यावेत.

यात एक फसवा भाग आहे. डोनेगॉल काउंटी आयर्लंड प्रजासत्ताकातच आहे, त्यामुळे बालिबोफे किंवा लेटरकेनी येथील सामन्याला वेगळा व्हिसा लागत नाही. पण डब्लिनहून लेटरकेनीला जाणारा जवळचा रस्ता, आणि त्यावरून धावणारी बस, मॉनहननंतर ओमामार्गे उत्तर आयर्लंडमधूनच जाते. ब्रिटनचा व्हिसा नसलेल्यांनी स्लायगोमार्गे जावे. अंतर वाढते, पण समुद्राकाठचा तो रस्ता तसाही अधिक चांगला आहे. उत्तरेत चलन पौंडाचे आहे, हेही लक्षात ठेवावे.

तिकिटे कशी मिळतात?

बहुतेक सामन्यांची तिकिटे ऑनलाइन सहज मिळतात आणि मुलांसाठी दर बरेच कमी असतात. अंतिम सामन्याची गोष्ट वेगळी. त्याची तिकिटे खुल्या विक्रीला येत नाहीत. ती काउंटी मंडळांमार्फत क्लबांना आणि तिथून सभासदांना मिळतात. ज्याला खरोखर अंतिम सामना पाहायचा आहे, त्याने आपल्या वस्तीतील क्लबचे सभासद व्हावे, मुलांना शनिवारच्या सरावाला घालावे आणि क्लबच्या कामात थोडा हात लावावा. हा सल्ला तिकिटाच्या लोभाने दिला असला तरी परिसरात ओळखी होण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

दोन्ही संघांचे चाहते वेगळे बसतात का?

नाही. एकाच रांगेत दोन्ही रंग दिसतात. क्रोक पार्कमधील उभ्याने सामना पाहण्याचा ‘हिल १६’ हा भाग डब्लिनच्या चाहत्यांचा मानला जातो, तो रूढीने.

विजेत्याचा अंदाज करताना काय पाहावे?

इतिहासाचा कौल अगदी स्पष्ट आहे आणि तरीही फारसा उपयोगी नाही. आजवरच्या १३८ विजेतेपदांपैकी ३९ केरीची आणि ३१ डब्लिनची आहेत, म्हणजे दोन काउंट्यांनी निम्म्याहून किंचित अधिक नेली आणि उरलेली १७ काउंट्यांत वाटली गेली. तेव्हा काहीही न पाहता केरीचे नाव घेणारा माणूस दीर्घकाळात फार चुकत नाही. पण डब्लिनची सहा वर्षांची सत्ता संपल्यानंतर २०२१ मध्ये टिरोन, २०२२ मध्ये केरी, २०२३ मध्ये डब्लिन, २०२४ मध्ये आर्मा आणि २०२५ मध्ये पुन्हा केरी असे निकाल लागले. पाच वर्षांत चार विजेते.

प्रांतिक विजेतेपदावरून अंदाज बांधणे सर्वांत धोक्याचे. २००१ मध्ये हरलेल्या संघांना परतीची वाट प्रथम खुली झाली आणि त्याच वर्षी कॉनक्टमध्ये हरलेल्या गॉलवेने करंडक नेला. टिरोनने २००५ आणि २००८ मध्ये, केरीने २००९ मध्ये, कॉर्कने २०१० मध्ये तेच केले. आर्माची कथा तर विलक्षण आहे. २०२२ ते २०२४ या काळात हा संघ पेनल्टींवर चार वेळा हरला, त्यांतील दोन पराभव अल्स्टरच्या अंतिम सामन्यांतले होते. त्यातला शेवटचा २०२४ च्या मे महिन्यात झाला, आणि जुलैमध्ये गॉलवेला १-११ विरुद्ध ०-१३ असे एका गुणाने हरवून आर्मा अखिल आयर्लंड विजेता झाला.

२०२५ मध्ये हेच पुन्हा दिसले. १४ जूनला टलामोर येथे मीथने केरीला हरवले तेव्हा केरीतले जाणकारसुद्धा मान हलवत होते. गटात पहिले न आल्याने केरीला २१ जूनला कॅव्हनशी जादा सामना खेळावा लागला आणि २९ जूनला गतविजेत्या आर्माशी. त्या सामन्यात उत्तरार्धाच्या सुरुवातीला केरीने सलग चौदा गुण घेतले आणि स्पर्धेचा नूर पालटला. अंतिम सामन्यातील दुसरा संघ डोनेगॉल हासुद्धा गटविजेता नव्हता.

यावरून मी एक साधी पद्धत धरतो. एप्रिल आणि मेमध्ये अंदाज करूच नये. जूनच्या मध्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: दुखापतीतून कोण परत येत आहे, राखीव खेळाडूंपैकी किती जण शेवटच्या पंधरा मिनिटांत गुण घेऊ शकतात, आणि पुढच्या दोन सामन्यांमध्ये किती दिवसांचे अंतर आहे. सलग तीन आठवडे खेळलेला संघ एकतर लयीत असतो किंवा थकलेला. यांतले कोणते खरे, हे राखीव फळीवरून कळते. यानंतरही दोन संघ सारखे वाटले, तर केरीचा हुकमी खेळाडू डेव्हिड क्लिफर्ड ज्याच्याकडून खेळतो त्याला झुकते माप द्यावे.

लीगच्या निकालांवर किती भरवसा ठेवावा?

थोडाच. २०२४ मध्ये डेरीने डब्लिनला पेनल्टींवर हरवून लीग जिंकली आणि अनेकांनी त्यांच्या नावावर पैज लावली. नंतर घरच्या मैदानावर डोनेगॉलने त्यांना अल्स्टरमधून बाहेर काढले आणि त्यांची घडी काही नीट बसलीच नाही. पुढच्या वर्षी मात्र केरीने लीग आणि अखिल आयर्लंड दोन्ही जिंकले. संघाकडे चांगले खेळाडू किती आहेत हे लीग दाखवते, शेवटी कोण पहिला येईल हे दाखवत नाही.

नव्या नियमांमुळे अंदाज करणे कठीण झाले आहे का?

होय. डब्लिनचे माजी व्यवस्थापक जिम गॅविन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेले नियम २०२५ पासून लागू झाले. ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळतात, प्रत्येक संघाला किमान तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात ठेवावेच लागतात, आणि गोलरक्षकाने मारलेला चेंडू त्या कमानीपलीकडे जाणे बंधनकारक आहे. त्यामुळे पंधराच्या पंधरा जणांनी मागे बसून सामना गोठवण्याची युक्ती संपली आणि सहा गुणांची आघाडीही सुरक्षित राहिली नाही. वाऱ्याचे महत्त्व विशेष वाढले आहे. उघड्या मैदानावर वारा पाठीशी असलेल्या अर्ध्या वेळेत दोन गुणांचे फटके साधतात, म्हणून नाणेफेक कोणी जिंकली हे आता चाहते आवर्जून विचारतात.

मेयोला खरोखर शाप आहे का?

दंतकथा अशी की १९५१ चा करंडक घेऊन परतणारा संघ फॉक्सफर्ड गावात एका अंत्ययात्रेजवळून जल्लोष करत गेला, आणि संतापलेल्या धर्मगुरूने त्या संघातला एकही जण जिवंत असेतो मेयो पुन्हा जिंकणार नाही असा शाप दिला. त्यानंतर मेयो ११ वर्षी अंतिम फेरीत जाऊन हरला. त्या संघातील अखेरचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ मध्ये निवर्तले, तरीही करंडक आलेला नाही. मेयोच्या चाहत्यासमोर हा विषय आपण होऊन काढू नये.

भारतातून किंवा अन्य देशांतून सामने कसे पाहता येतील?

संस्थेची स्वतःची सशुल्क प्रक्षेपण सेवा परदेशातही चालते. आयर्लंडची उन्हाळी वेळ भारतापेक्षा साडेचार तास मागे असल्याने दुपारी साडेतीनचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री आठला सुरू होतो, आणि जेवणे आटोपून पाहायला ही वेळ सोयीची आहे. लंडनमध्ये राहणाऱ्यांना राइस्लिपच्या आणि न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांना ब्रॉन्क्समधील गेलिक पार्कच्या मैदानावर कॉनक्ट स्पर्धेचा सामना प्रत्यक्ष पाहता येतो. न्यूयॉर्कच्या संघाने २०२३ मध्ये लीट्रिमला पेनल्टींवर हरवून स्पर्धेतला आपला पहिला विजय मिळवला, तेव्हापासून त्या सामन्याला केवळ सहल म्हणून जाणाऱ्या पाहुण्या संघांची संख्या कमी झाली आहे.